घागर नावाची घोडी

"दोर आधी वळावा. घोडं मागून वाट काढत येतं."

डोमु हे उठता-बसता म्हणायचा. प्राइवाकुच्या टेकडीवर कुणाचं काही अडलं, पाऊस लांबला, कुणाच्या पोरीला स्थळ येईना, की डोमु मांडीवरचा दोराचा वाख सारखा करत, मान वर न करता एवढंच बोलायचा. ऐकणारा हसायचा. हसायला कारणही होतं. सुम्बा बेटाच्या पूर्वेकडच्या त्या पिवळ्या माळावर डोमुसारखा दोर वळणारा दुसरा नव्हता, आणि डोमुकडे घोडं नव्हतं.

त्या माळावर घोडं नसणं म्हणजे अंगणाला झाड नसल्यासारखं. तिथे भारदस्त माणसाला त्याच्या नावाने हाक मारत नाहीत, घोड्याच्या नावाने मारतात. कुणी 'काळ्या ढगाचा धनी' असतो, कुणी 'ज्याच्या दारी लाट फुटते तो'. डोमुला मात्र गाव नुसतं डोमु म्हणे, आणि ते एवढं आखूड नाव घेऊन झालं की हाक मारणाऱ्याच्या तोंडात जागा उरल्यासारखी वाटे.

संध्याकाळी तो गावाच्या मधोमध असलेल्या पूर्वजांच्या थडग्यावर, त्या थंड रुंद शिळेच्या कडेला, काथ्याची गुंडी घेऊन बसायचा. उन्हं कलली की माळावरून घोडी परतायची. आधी धूळ दिसायची, मग धुळीतून माना, मग आयाळी. प्रत्येक मानेला डोमुने वळलेला दोर असायचा. घामाने काळा पडलेला, मऊ झालेला, पण कुठेच न उसवलेला. घोडी त्याच्यासमोरून जायची आणि त्याला वाटायचं, आपल्याच हातातून एक लांब नदी निघाली आहे आणि ती दुसऱ्यांच्या दारात शिरते आहे. त्यात त्याला दुःख नव्हतं. तो डोळे अर्धे मिटून बघत राही, आणि शेवटचं घोडं गेल्यावरही थोडा वेळ तसाच बघत राही. जणू त्याच्यामागून अजून एक यायचं आहे.

"आलं का रे तुझं?" शेजारचा पालुलू कुंपणावरून विचारायचा.

"वाटेत आहे," डोमु म्हणायचा.

"मग लंगडं असणार. वीस वर्षं झाली वाटेत आहे."

पालुलूकडे एक घोडा होता, एका डोळ्याचा. पण घोडा तो घोडाच.

तसं डोमुच्या दारात घोडं कधी आलंच नाही असं नाही. त्याच्या मुलीचं, योमीचं, लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याकडून चांगली सहा घोडी आली होती. तशी रीतच आहे. मुलगी देणाऱ्याने कापड आणि डुकरं द्यायची, नेणाऱ्याने घोडी आणायची. पण आलेली घोडी बापाची होत नाहीत. एक मामाचं, दोन उम्बुची, म्हणजे गावच्या मुख्याची, बाकीची ज्यांनी ज्यांनी पूर्वी कुठल्या लग्नाला, कुठल्या मयताला जनावर लावलं होतं त्यांची. डोमुच्या अंगणात ती सहा घोडी दोन रात्री थांबली. त्या दोन रात्री डोमु खांबांवर उभ्या घराखालीच, त्यांच्या पायांजवळ झोपला. तिसऱ्या सकाळी अंगणात थोडी लीद होती आणि कुंपणाच्या काटेरी फांदीला शेपटीचे चार केस अडकले होते. ते केस त्याने एका दोरात वळून टाकले. कोणत्या, ते कुणाला सांगितलं नाही.

त्याची बायको लिका. गावात तिला इना योमी म्हणत, म्हणजे योमीची आई, आणि ती नवऱ्याला अमा योमी म्हणे. लिका कापड विणायची. नीळ आणि मुळ्यांचा तांबडा, हे दोनच रंग, पण त्यांत ती कोंबडे, खेकडे, मगरी, घोडे अशी सगळी दुनिया उभी करायची. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि तिच्या मानेला मागे एक कठीण गाठ होती. गाठ पाण्याची होती. गाव टेकडीवर, झरा खाली दरीत. पांढऱ्या दगडांतून उतरणारी वाट इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने कडेला अंग चोरून उभं राहायचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून लिका ती वाट डोक्यावर घागर घेऊन चढत होती. घरात पाण्याला दुसरी वाट नव्हती आणि डोक्याला दुसरं डोकं नव्हतं, असं ती म्हणायची, आणि स्वतःच हसायची.

उम्बु रिही हा गावचा मुख्य. त्याची आई वारली. तिला पूर्वजांकडे पाठवायचं तर अंगावर घालायला तिच्या मानाचं कापड हवं. ते विणून होईपर्यंत मेलेली म्हातारी तिथल्या रीतीने घरातच, पुढच्या खोलीत, कापडांच्या थरांत बसून राहिली. घाई नव्हती. मेलेल्यांना कसली घाई. ते कापड लिकाने विणलं. एक अख्खा उन्हाळा ती मागाच्या पट्ट्यात कंबर अडकवून बसली होती, आणि कापड उतरलं तेव्हा त्यावरचे घोडे असे उभे होते की उम्बु रिहीने हात पुढे केला आणि परत घेतला, त्यांना बुजवू नये म्हणून.

"इना योमी," तो म्हणाला, "आता माझ्या आईला वरचे लोक लांबून ओळखतील. हे भाताच्या पोत्यांनी फिटायचं नाही. माझी ती पिंगट घोडी गाभण आहे. पोटात जे असेल ते तुमचं."

तो लिकाकडे बघून बोलला. डोमु तेव्हा घोडीकडे बघत होता.

घरी येताना डोमुचे पाय जमिनीला लागत नव्हते. लिका मात्र एक एक पाऊल मोजल्यासारखी चालत होती.

"अमा योमी, पोटातलं बाहेर आल्यावर ते खाईल काय?"

"गवत. हा एवढा माळ पडलाय."

"आणि माळ जळतो तेव्हा?"

पावसाआधीच्या महिन्यांत तिथला माळ पेटवतात आणि मग नजर जाईल तिथवर काळं. त्या दिवसांत ज्याच्याकडे साठा आहे त्याचंच घोडं उभं राहतं.

"आणि राहील कुठे? घराखाली डुक्कर आहे. आणि रात्री चोर आले तर? दोर वळता येतो म्हणजे घोडं पाळता येतं असं नाही. नाहीतर मागाच्या काठ्या करणाऱ्या सुतारानेही कापड विणलं असतं."

डोमुने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच, पालुलूकडे सल्ला मागायला गेला. पालुलूला तो दिवस सणासारखा गेला.

"घोडं पाळणं म्हणजे घरात सासू आणणं," तो म्हणाला. "आधी तिने खायचं, मग तू. आधी तिने निजायचं, मग तू. ती खोकली की तू जागा. आणि इतकं करून गावात नाव तिचं."

"चालेल," डोमु म्हणाला.

"मीठ लागतं. समुद्रावरच्या लोकांकडून मिठाचे खडे आण, नाहीतर घोडं तुझ्या घराचे खांब चाटेल. गोचिडांसाठी तंबाखूचं पाणी. पावसात खूर नासतात, म्हणून खाली दगड पसर. आणि रोज अंगावर हात फिरव. रोज. बायकोवर नाही फिरवलास तरी चालेल."

घराखालचं डुक्कर समुद्राकडच्या लोकांना गेलं आणि त्याच्या बदल्यात मीठ आणि पाण्यासाठी एक कोरलेली लाकडी डोणी आली. निळीच्या वाफ्यातला अर्धा वाफा लिकाने मोकळा केला. आपणहून केला, पण त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. तिथे सुबाभूळ लागली, म्हणजे माळ जळला तरी हिरवा पाला मिळेल. मक्याची ताटं आजवर शेतातच कुजायची, ती आता पेंढ्या बांधून छपराच्या खाली चढली. घराखाली दगड पसरले. चिंचेच्या सावलीत खुंटा रोवला. पिंगट घोडीचं पोट मोठं होत होतं आणि डोमुचं घर तिच्याबरोबर मोठं होत होतं.

मग डोमुने वाट धरली. झऱ्याची वाट.

त्याच्या मनात होतं की ओझ्याचं घोडं त्या वाटेने चालायला हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूची पाण्याची नळकांडी घेतलेलं घोडं, कुठे न घासता. तो सकाळी पहार घेऊन उतरायचा आणि पांढरा दगड फोडायचा. हात हात, वीत वीत. घसरणीच्या जागी पायऱ्या केल्या, पण घोड्याच्या पावलाच्या, लांब आणि बुटक्या. पाणी भरायला येणाऱ्या बायका त्याला ओलांडून जायच्या. त्या हसायच्या आणि जाताना मोकळी खडी पायाने बाजूला सारून द्यायच्या. दगडाचा पांढरा धुरळा त्याच्या केसांवर, भुवयांवर बसायचा. उन्हं डोक्यावर आली की तो टेकायचा आणि दरीतून वर येणारा पाण्याचा आवाज ऐकायचा. त्या आवाजात त्याला टापा ऐकू यायच्या. हळू, ओझ्याच्या, ओल्या टापा.

त्याच दिवसांत त्याने दोर वळला. काथ्या आणि रानभेंडीची साल, तीन पेडी, मधल्या पेडात लिकाच्या मागावर उरलेलं तांबडं सूत. तो पूर्ण झाल्यावर डोमु एक विचित्र गोष्ट करायला लागला. संध्याकाळी तो रिकामा दोर हातात घेऊन घरातून निघायचा आणि झऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा. दोर मागे सैल सोडलेला, घोडं मागे असल्यासारखा. वळणावर थांबायचा. चढावर हलकेच ओढ द्यायचा.

"डोमु, तुझं घोडं माझं कुंपण खातंय," पालुलू ओरडायचा.

"त्याला आवडत नाही तुझं कुंपण."

"अरे, पण घोडं जन्मायचंय अजून. कुणाला शिकवतोयस?"

"वाटेला," डोमु म्हणायचा. "घोडं शिकेल. पण वाटेलाही कळायला हवं ना, कोण येणार आहे."

माणसं हसली, पण हळूहळू एक झालं. तो रिकामा दोर घेऊन येताना दिसला की लोक थोडे कडेला सरकून उभे राहू लागले. आधी थट्टेने, मग सवयीने. धुकट संध्याकाळी लांबून बघणाऱ्याला तर वाटायचंही की त्याच्यामागे काहीतरी आहे, फिकट, गवताच्या रंगाचं.

शिंगरू आलं ते पहाटे, पाऊस उघडल्यावर, ओल्या गवतात. मादी. आईसारखी पिंगट, कपाळावर बोटभर पांढरं. डोमु तिथे उकिडवा बसला होता. ती उठली, पडली, उठली, आणि तिसऱ्यांदा उठली तेव्हा तिने आधी आईकडे बघितलं की डोमुकडे, यावर त्याने पुढे पालुलूशी पुष्कळ वाद घातला.

नाव त्याने कधीच ठरवून ठेवलं होतं. 'वाट न पुसणारी'. म्हणजे एक दिवस तो स्वतः 'वाट न पुसणारीचा धनी' होणार होता. पण घोड्याचं मोठं नाव चारचौघांत उच्चारायचं असतं, मोठ्या ओसरीवर, पुढच्या चटईवर बसून. तोवर ते त्याने जिभेखाली ठेवलं. लिकाला एवढा धीर नव्हता. दूध तुटून शिंगरू घरी आलं त्या दिवशी ती डोणीत पाणी ओतत म्हणाली, "ये गं घागरी." आणि शिंगरू आलं. झालं. घोडीचं नाव घागर पडलं.

"असलं नाव ठेवतात का घोडीला," डोमु म्हणाला.

"ती मला पाणी आणून देणार. मग काय राणी म्हणू?"

दोन पावसाळे गेले. माळ दोनदा जळून काळा झाला, दोनदा हिरवा झाला. सुबाभळीचा पाला पुरला, मक्याच्या पेंढ्या पुरल्या. एकदा घागर पोट फुगून आडवी झाली आणि डोमु तिला दिवसभर फिरवत राहिला, बसू दिलं नाही, आणि लिका मागून सुंठीचं पाणी घेऊन फिरत राहिली. पोटातला वारा सुटला तेव्हा दोघं जमिनीवर बसून राहिले आणि घोडी त्यांच्याकडे बघत गवत खायला लागली. हळूहळू डोमुने तिच्या पाठीवर आधी रिकामं पोतं टाकलं, मग रिकामी नळकांडी, मग अर्धी भरलेली. आणि एका संध्याकाळी घागर त्या पांढऱ्या रुंद वाटेवरून पाणी घेऊन वर आली, आणि तिच्यामागून लिका. डोक्यावर काही नसलेली लिका. दोन्ही हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने एक फूल खुडलं, आणि मग तेही हातात धरून ठेवलं.

याच सुमाराला डोमुच्या मेलेल्या भावाचा मुलगा हुकी, त्याचं लग्न जमलं. मुलीकडच्यांनी पाच घोडी मागितली. बाप नाही, म्हणजे गावाने उभं करायचं. उम्बु रिहीच्या मोठ्या ओसरीवर बैठक बसली.

त्या ओसरीवर दोन चटया असतात. पुढच्या चटईवर ज्यांच्या दारात घोडं आहे ते बसतात, मागच्या चटईवर बाकीचे. सुपारीच्या टोपल्याही दोन फिरतात. मागची टोपली आलेल्याचं स्वागत म्हणून. तिच्यातली सुपारी घ्यावी, चुना लावावा, चघळावी. पुढची टोपली निराळी. तिच्यातल्या सुपाऱ्या सालासकट असतात, आणि जो उचलेल त्याने या कामाला एक घोडं लावलं असं धरतात. कुणी विचारत नाही, कुणी बोलत नाही. टोपली फिरते, हात जातो किंवा जात नाही.

डोमुचा सगळा जन्म मागच्या चटईवर गेलेला. तो नेहमीसारखा मागे टेकणार, तेवढ्यात उम्बु रिही म्हणाला, "पुढे ये डोमु. आता तुझी जागा तिकडे नाही."

ओसरीवरचे सगळे चेहरे वळले. डोमु उठला. मागच्या चटईपासून पुढच्या चटईपर्यंतचं अंतर ते किती, पण त्याला ते ओलांडताना वाटलं की आपण माळावरून चाललो आहोत, आणि गवत दोन्ही बाजूंना वाकतं आहे. तो बसला. त्याच्या डाव्या हाताला काळ्या ढगाचा धनी होता. जिभेखालचं ते मोठं नाव वर यायला लागलं, गोड, गरम. कुणीतरी त्याच्यासमोर टोपली धरली. आणि चाळीस वर्षं टोपली समोर आली की जे हात करत आला होता, तेच हाताने केलं.

टोपली पुढे गेली. "चार आणि डोमुची पाचवी," उम्बु रिही म्हणाला. "भरली."

हुकी मागून येऊन काकाच्या पायाशी वाकला. डोमुच्या मुठीत सुपारी होती, सालीचे खरखरीत धागे तळव्याला लागत होते. काथ्यासारखे. त्याला त्या टोपलीचा अर्थ माहीत नव्हता असं कोण म्हणेल. पण त्या घटकेला तो ओसरीवर नव्हताच.

घरी गेला तेव्हा लिका घागरीच्या अंगावरून नारळाची करवंटी फिरवत होती. डोमुने कमरेच्या बटव्यातून सुपारी काढून दाखवली. लिकाचा हात थांबला, मग परत चालू झाला.

"पुढच्या टोपलीतली?" तिने विचारलं.

"हो."

"कापड कुणी विणलं होतं, अमा योमी?"

"तू."

"वाट कुणी फोडली?"

"मी."

"मग घोडी कुणाची?"

डोमुने सुपारी परत बटव्यात ठेवली.

"हुकी माझाही पुतण्या आहे," लिका म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही येऊन विचारलं असतंत तर कदाचित मीच म्हटलं असतं, द्या. पण तुम्हाला वाटलं, हात माझा म्हणजे घोडीही माझी. आता द्यायचीच असेल तर द्या. मी रडणार नाही."

आणि तिने घागरीला खुंट्याला बांधलं, कोपऱ्यात पालथी पडलेली जुनी मातीची घागर उचलली, तिच्यातलं कोळ्याचं जाळं पुसलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पाण्याला गेली.

डोमु टेकडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. खाली ती वाट होती, त्याने वीत वीत फोडलेली, पांढरी, रुंद, दोन ओझ्यांची घोडी शेजारून जातील एवढी. आणि तिच्यावर एक बाई चालली होती, कडेकडेने, अंग चोरून, जुन्या सवयीने. भरलेली घागर घेऊन ती परत चढायला लागली तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं की लिका घसरणीच्या जागी थांबते आणि एक हात गुडघ्यावर ठेवते. इतकी वर्षं ती थांबत असणार. तो वाट करत होता तेव्हाही थांबत असणार. तो तेव्हा टापा ऐकत होता.

ती वर येईपर्यंत तो तिथेच उभा होता. ती त्याच्यासमोरून गेली, घागरीतलं थोडं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर पडलं.

पुढची बैठक घोडी बघून घ्यायची होती. डोमु आला तो हातात दोर न घेता. तो पुढच्या चटईवर गेला, पण बसला नाही. बटव्यातून सुपारी काढली आणि टोपलीत परत ठेवली.

सुपारी परत ठेवलेली त्या गावात कुणी पाहिली नव्हती. म्हाताऱ्यांनीही नाही.

"ही मी चुकून उचलली नव्हती," डोमु म्हणाला. "बरं वाटलं म्हणून उचलली. पण घोडी इना योमीची आहे. कापड तिचं होतं. जे माझं नाही ते मी कसं देऊ."

"पोटात जे असेल ते तुमचं, असं मी म्हणालो होतो," उम्बु रिही सावकाश म्हणाला. "मला आठवतं, मी कुणाकडे बघून म्हणालो." आणि मग, "पण पुतण्याला काय देणार तू?"

"पाचही घोड्यांना नवे दोर. आणि ते धरून मुलीच्या गावापर्यंत चालणारा माणूस."

दोर धरून चालणारा म्हणजे धुळीतून, सगळ्यांच्या मागून, पायी. ते काम नोकराचं. काळ्या ढगाचा धनी हसला. डोमु मागच्या चटईवर जाऊन बसला आणि त्याला जागा करून द्यायला तिथल्या माणसांनी मांड्या आवरल्या. कुणीतरी मागची टोपली त्याच्याकडे सरकवली.

"पाच कुठली, चारच आहेत," कुणीतरी म्हणालं.

टोपलीत ती एक सुपारी पडून होती. हुकी जमिनीकडे बघत उभा होता. मग पालुलूने खाकरून घसा साफ केला आणि हात पुढे केला.

"इतकी वर्षं याच्या रिकाम्या दोराला फुकट हसलो," तो म्हणाला, "त्याचं भाडं समजा."

"पालुलू, तुझ्या घोड्याला एकच डोळा आहे."

"मग मुलीकडच्यांना सांगा, नवरामुलगाही बायकोचे अर्धेच दोष बघेल."

ओसरी हसली आणि बैठक मोडली. पुढे त्या डोळ्यावरून मुलीकडच्यांनी दोन दिवस घासाघीस केली आणि वरून एक सोन्याचं कर्णफूल काढून घेतलं, ती गोष्ट वेगळी.

मोठं नाव डोमुच्या जिभेखालीच राहिलं. ते चारचौघांत कधी उच्चारलं गेलं नाही. झऱ्यावरच्या बायका मात्र तेव्हापासून लिकाला घागरीची धनीण म्हणायला लागल्या, आणि लिका आधी रागावली, मग ओ द्यायला लागली.

वरात निघाली त्या सकाळी माळावर दव होतं. पाच नवे दोर, पाचांच्याही मधल्या पेडात तांबडं सूत. पुढे झांजा आणि मोठी माणसं घोड्यांवर, मध्ये डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांत शेवटी, अनवाणी, पाच घोड्यांचे दोर दोन्ही मुठींत धरून डोमु. एका डोळ्याचा घोडा त्याच्या खांद्याला खेटून चालत होता, कारण त्या बाजूने त्याला दिसत नव्हतं.

"सांभाळ रे," पालुलू कुंपणावरून म्हणाला. "त्याला डाव्या बाजूने बोलत राहावं लागतं."

"काय बोलू?"

"काहीही. तुझं ते दोराचंच सांग. त्याने अजून ऐकलं नसेल."

लिका वाटेच्या तोंडाशी उभी होती, जिथे गावची वाट सुटते आणि झऱ्याची वाट खाली उतरते. तिच्याबरोबर घागर, दोन्ही बाजूंना रिकामी नळकांडी. आपल्या जातीची पाच जनावरं जाताना बघून घोडीने मान वर केली आणि एकदा खिंकाळली. डोमुने वळून बघितलं नाही. दोन्ही मुठी भरलेल्या होत्या. पण तो चालत होता ते दोर मागे सैल सोडून, वळणावर जरा थांबून, चढावर हलकी ओढ देऊन, तसाच जसा तो त्या दिवसांत चालायचा, जेव्हा मागे काहीच नव्हतं.

धूळ उठली, मग त्यात घोड्यांच्या माना दिसेनाशा झाल्या, मग तो. पालुलू रिकाम्या खुंट्याकडे वळला. लिका आणि घागर दोघी बघत राहिल्या, धूळ पिवळ्या गवतावर परत बसेपर्यंत, आणि मग पाण्याला उतरल्या.